सात दिवसांचं प्रमाणपत्र आणि दोन मिलिमीटरचा खडा

अब्बांच्या चांदीच्या अंगठीतला अकीक गेल्या पावसाळ्यात वाशिंद स्टेशनच्या जिन्यावर निखळला. नशीब, सापडला. खडा आणि अंगठी घेऊन मी एका सराफाकडे गेलो. त्याने खडा पुसला, काउंटरखालून गोंदाची बारकी ट्यूब काढली, एक थेंब टाकला, अंगठ्याने दाबलं आणि म्हणाला, "घ्या चाचा, झालं. वीस रुपये." तीन आठवड्यांनी अब्बा वुजूला बसले आणि खडा पुन्हा नळाखाली पडला.

मी परत दुकानात गेलो. सराफ भला माणूस. तो म्हणाला, "खरं सांगू का? कोंदण नीट बसवणारा इथे कोणी राहिलेला नाही. मुंबईला पाठवावं लागेल. पंधरा दिवस लागतील आणि अंगठीच्या चांदीपेक्षा येण्याजाण्याचा खर्च जास्त होईल." मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा माझी भाची तिथेच बसली होती. ती म्हणाली, "मामू, मी शिकते ना."

त्या एका वाक्यानंतर वर्षभर जे पाहिलं त्यावर हा लेख आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे ज्यांना राग येणार आहे त्यांना लवकर येईल. चांदीत बारीक खडा बसवायला शिकायचं तर वेळ लागतो. महिने लागतात, वर्षं लागतात. त्या वेळेची किंमत आपल्यापैकी कोणीही द्यायला तयार नाही. सरकार नाही, व्यापारी नाही, उस्ताद नाही, आपली जमात नाही आणि गिऱ्हाईक म्हणून तुम्ही-मीही नाही. सगळे मिळून ती शिकणाऱ्या पोराच्या नाहीतर पोरीच्या माथी मारतो आणि मग गळा काढतो की कारागिरी संपली.

सात दिवसांत काय शिकवलं

भाची बारावी झालेली. बाप रिक्षा चालवतो. तालुक्यात एका संस्थेचा दागिने बनवण्याचा मोफत वर्ग आहे असं कळलं आणि तिने नाव घातलं. सात दिवसांचा वर्ग. तीस मुली, दोन कानशी, एक गॅसची बत्ती. बत्ती पहिल्या दिवशी दाखवली आणि सुरक्षेच्या कारणाने बंद ठेवली. उरलेले सहा दिवस जर्मन सिल्व्हरच्या तयार वाट्यांमध्ये गोंदाने खडे चिकटवले.

जर्मन सिल्व्हर म्हणजे काय हे वर्गात कोणी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगतो. त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. म्हणजे चांदीचे दागिने शिकायला गेलेल्या तीस मुलींनी चांदीला हात न लावता आणि एकही खडा न बसवता प्रशिक्षण पूर्ण केलं. सातव्या दिवशी पाहुणे आले, सत्कार झाले, फोटो निघाले आणि प्रत्येकीला चकचकीत प्रमाणपत्र मिळालं. त्यावर लिहिलं होतं की ही उमेदवार दागिने घडवण्यात कुशल आहे.

भाचीने ते प्रमाणपत्र माझ्यासमोर ठेवलं, शेजारी अब्बांची अंगठी ठेवली आणि विचारलं, "आता बसवू का खडा? ट्यूब आहे घरात." मला हसू आलं नाही.

असा वर्ग फुकट असतो असं आपण म्हणतो. तीस मुलींचे सात दिवस गेले. त्यातल्या किती तरी जणींना वाटलं की हे काम म्हणजे एवढंच. त्यांनी घरी चिकटवलेल्या कुड्या विकायला काढल्या असतील, महिन्याभरात खडे गळले असतील, गिऱ्हाईक भांडलं असेल आणि मुलीने ठरवलं असेल की आपल्याला जमत नाही. दोष वर्गाचा, बदनामी मुलीची.

हे काम आहे तरी काय

ज्यांना वाटतं की खडा बसवणं म्हणजे वाटीत मणी ठेवणं, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. मी स्वतः कारागीर नाही. भाचीच्या शेजारी बसून जे पाहिलं तेवढंच मला कळतं.

अब्बांच्या अंगठीसारखा गोल घोटीव अकीक बसवायचा तर आधी शुद्ध चांदीची पातळ पट्टी लागते. दागिन्याची चांदी बहुधा ९२५ ची असते, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि बाकी बहुतेक तांबं. अंगठीचा कडा टिकायला ती कडक चांदी बरी. पण खड्याभोवतीची भिंत मऊच लागते, नाहीतर ती खड्यावर वळत नाही आणि जोर लावला तर खडा तडकतो. पट्टी खड्याच्या घेराइतकी कापायची. केसभर मोठी झाली तर खडा आत खुळखुळतो, केसभर लहान झाली तर बसतच नाही. मग तिची दोन टोकं झाळून कडं करायचं, ते खालच्या पत्र्यावर झाळायचं, त्या पत्र्याला अंगठीचा कडा झाळायचा. तीनदा झाळ, तीनदा आग. प्रत्येक वेळी आधीच्या झाळेपेक्षा लवकर वितळणारी झाळ वापरावी लागते. नाहीतर तिसरा सांधा जोडताना पहिला सुटतो. शुद्ध चांदी ९६१ अंशांना वितळते, मिश्र चांदी त्याआधीच. झाळ वाहते ती वेळ आणि दागिना वितळून गोळा होतो ती वेळ, यांत काही क्षणांचं अंतर असतं. ते चांदीच्या रंगावरून ओळखायचं. कुठलंही यंत्र ते सांगत नाही.

एवढं झाल्यावर तेजाबात धुवायचं, घासायचं आणि मग खडा आत ठेवायचा. खडा शेवटी, कारण आग त्याला सोसत नाही. आता भिंत खड्यावर वळवायची. एका बाजूने सुरू करून गोल फिरत गेलात तर शेवटी सुरकुती उरते. म्हणून आधी समोरासमोरचे दोन बिंदू दाबायचे, मग त्यांच्या आडवे दोन, मग त्यांच्या मधले. घडीची कणीक दाबतात तसं नाही, घड्याळाचे काटे जुळवतात तसं. शेवटी गुळगुळीत पोलादी सळईने भिंतीची कड घोटायची.

हे झालं मोठ्या, सोप्या खड्याचं. दोन मिलिमीटरचा बारीक खडा बसवायचा तर दागिना लाखेत घट्ट रोवावा लागतो. चांदीत भोक पाडायचं, खड्याच्याच मापाच्या बारीक बरने त्याची बैठक कापायची. बैठक उथळ झाली तर खडा वर राहतो आणि कपड्यात अडकून निघतो. खोल झाली तर तो बुडतो आणि चमकत नाही. कलली तर ओळीतला तेवढाच एक खडा वाकडा दिसतो आणि सगळ्यांची नजर तिथेच जाते. मेणाच्या काडीने खडा उचलून ठेवायचा, मग बाजूच्या चांदीतून टोकदार अवजाराने दाणा उचलून त्याच्या कडेवर दाबायचा. एका खड्याला असे चार दाणे. एका साध्या पट्टीवर वीस खडे म्हणजे ऐंशी दाणे. अवजार एकदा घसरलं की चांदीवर ओरखडा उठतो किंवा बोटात रक्त येतं.

त्यात प्रत्येक खड्याचा स्वभाव वेगळा. बाजारातला पांढरा अमेरिकन डायमंड, म्हणजे झिरकोनिया, बराच कठीण असतो. कठीणपणाच्या मोह्झ मापावर तो आठच्या वर जातो, त्यामुळे शिकणाऱ्याला माफ करतो. अकीक सातच्या आसपास. फिरोजा पाच-सहाचा, त्याला कानस नुसती लागली तरी ओरखडा पडतो. मोती त्याहून मऊ. पन्ना मापावर कठीण दिसतो, पण त्याच्या पोटात बारीक भेगा असतात आणि कोपऱ्यावर जास्त दाब पडला की तो तुटतो. हे पुस्तकात वाचता येतं. पण किती दाब म्हणजे जास्त, हे मनगटाला कळावं लागतं. मनगटाला ते शेकडो खडे बसवल्यावर कळतं, आणि त्यात काही डझन खडे फुटतात.

आता मला सांगा, हे सात दिवसांत कोण शिकवणार?

उस्तादाच्या खोलीत

शेवटी भाचीने जे सगळे करतात ते केलं. मुंबई गाठली. वाशिंद ते सीएसएमटी सुमारे ८० किलोमीटर. कसारा लोकलने जायचं, क्रॉफर्ड मार्केटवरून झवेरी बाजारात चालत जायचं. मी पहिले काही दिवस सोबत गेलो. तिथल्या जुन्या इमारतींत वरच्या मजल्यांवर छोट्या छोट्या खोल्या आहेत. हुगळी, हावडा, मेदिनीपूर या बाजूचे बंगाली कारागीर तिथे काम करतात. त्यात हिंदू आहेत, मुसलमानही पुष्कळ. त्याच खोलीत काम, तिथेच जेवण, रात्री तिथेच पथारी. २०२० च्या टाळेबंदीत हीच माणसं काम थांबल्यावर गावांकडे निघून गेली. खाली काचेच्या दुकानांत जे झळकतं ते त्यांच्या हातून उतरलेलं असतं, पण दुकानाच्या पाटीवर, पावतीवर, जाहिरातीत त्यांचं नाव कुठेही येत नाही.

चार खोल्यांत नकार मिळाला. "लडकी को कहाँ बिठाएँगे?" हाच सवाल. पाचव्या खोलीतले उस्ताद वयस्कर होते. ते म्हणाले, "सकाळी अकरा ते चार बसेल. पैसा घेणार नाही, पैसा देणार नाही. नग फुटला तर भरावा लागेल."

या उस्तादांबद्दल मला आदर आहे आणि तो या लेखाच्या शेवटपर्यंत राहील. पण त्यांची गोष्टही लिहिलीच पाहिजे. ते बारा वर्षांचे असताना गावातल्या एका माणसासोबत मुंबईला आले. पहिली दोन वर्षं चहा आणणं, झाडू मारणं, फरशीवरची धूळ गोळा करणं, कारण त्या धुळीतही चांदी असते. मग तीन वर्षं फक्त जेवणावर काम. त्यांच्या उस्तादाने बैठक कापायची रीत कधी शिकवली नाही. तो दुपारी झोपला की हे चोरून त्याचं अवजार पाहायचे, कुठल्या कोनात घासलं आहे ते. "हुनर चुराना पड़ता है," असं ते हसत सांगतात.

आपल्याकडच्या मैफलींत अशा गोष्टींवर वाहवा होते. उस्ताद-शागिर्द परंपरा, काय ती तपश्चर्या! मला त्यात तपश्चर्या दिसत नाही. बारा वर्षांचं एक पोर दिसतं, ज्याची पाच वर्षं कोणीतरी फुकट वापरली आणि त्याला शिकवण्याऐवजी चोरायला लावलं. जे शिकले त्यांच्या गोष्टी आपण ऐकतो. जे दोन वर्षं झाडू मारून, काहीच न शिकता परत गेले त्यांची गोष्ट सांगायला कोण बसलं आहे?

भाची सात महिने गेली. पहिल्या आठवड्यात करवतीची डझनभर पाती तुटली. दोन महिने तांब्यावरच काम. तिसऱ्या महिन्यात चांदी हाती आली. पाचव्या महिन्यात तिने अब्बांची अंगठी बसवली. सकाळी घेतलेलं काम चार वाजेपर्यंत चाललं. उस्तादांनी भिंगातून पाहिलं, नखाने कड तपासली आणि फक्त "हूं" म्हणाले. ती परतीच्या गाडीत कल्याणपर्यंत रडत होती, आनंदाने. सहाव्या महिन्यात तिच्या हातून पन्न्याचा कोपरा उडाला. व्यापाऱ्याने किंमत लावली, उस्तादांनी निम्मी स्वतः सोसली, निम्मी तिच्या नावावर लिहिली. सातव्या महिन्यात माझे मेव्हणे आजारी पडले आणि रिक्षा उभी राहिली.

आता ती पडघ्याच्या बाजूला एका गोदामात खोकी भरते. महिन्याला पगार मिळतो. उस्तादांनी दोनदा फोन केला. ते म्हणाले, "हाथ आ रहा था लड़की का. एक साल और बैठ जाती."

हे एक वर्ष कोणाकडे मागायचं होतं?

कायद्याच्या फटीतून

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात अठरा व्यवसाय आहेत आणि त्यात सोनार आहे. पाच ते सात दिवसांचं, म्हणजे ४० तासांचं मूलभूत प्रशिक्षण, हवं तर पुढे १५ दिवसांचं वरचं प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, कमी व्याजाचं कर्ज. ज्याला काम येतं त्याच्यासाठी हे चांगलं आहे. पण ही योजना आधीपासून त्या धंद्यात असणाऱ्यासाठी आहे. ज्याला अजून यायचं आहे त्याच्यासाठी दार नाही. आणि खडे बसवणारा जडिया अठरांच्या यादीत वेगळा नाहीच. सोनार घडवतो आणि जडिया बसवतो हे बाजारात लहान पोरालाही माहीत आहे, यादी करणाऱ्यांना नसावं.

अल्पसंख्याकांसाठी २०१५ मध्ये एक योजना निघाली, नावच 'उस्ताद'. पारंपरिक कलांचं प्रशिक्षण हा तिचा हेतू. पुढे ती इतर चार योजनांसह 'पीएम विकास' मध्ये विलीन झाली. या काळात हुनर हाट मोठमोठ्या शहरांत भरले. हाटात तयार वस्तू विकली जाते. वस्तू तयार करायला शिकण्याची वर्षं तिथल्या मांडवात दिसत नाहीत.

आणि खरा कायदा तर १९६१ पासून आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम. त्याचं मूळ तत्त्व अगदी साधं आहे: जो काम करता करता शिकतो त्याला विद्यावेतन मिळालं पाहिजे. २०१९ च्या नियमांनी ते शिक्षणाप्रमाणे महिन्याला किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरवलं. बारावी झालेल्याला ७,०००. माझ्या भाचीला महिना सात हजार मिळाले असते तर ती आज गोदामात नसती, याची मला खात्री आहे. पण शिकाऊ उमेदवार घेण्याची सक्ती ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना. ४ ते २९ माणसं असतील तर मालकाची मर्जी. चारहून कमी असतील तर विषयच नाही. उस्तादांच्या खोलीत स्वतः ते आणि दोन कारागीर. म्हणजे ज्या खोलीत हे काम खरोखर शिकवलं जातं तिथे कायदा पोहोचत नाही, आणि कायदा पोहोचतो त्या मोठ्या कारखान्यांत काम तुकड्यांत वाटलेलं असतं.

तीन हरकती

पहिली हरकत: आता हे यंत्राने होतं. होतं, खरं आहे. मेणाच्या साच्यातच खडे बसवून वरून वितळलेली चांदी ओततात. एका वेळी शेकडो नग निघतात. पण त्या तापाला झिरकोनिया, माणिक, हिरा असे मोजकेच खडे टिकतात. अकीक, फिरोजा, मोती, पन्ना यांना ती वाट बंद आहे. शिवाय एकसारख्या मापाचा खडा लागतो. आणि निखळलेला खडा परत बसवायला अंगठी पुन्हा ओतता येत नाही. आजीची नथ, लग्नातली कुडी, अब्बांची अंगठी दुरुस्त करायला माणसाचा हातच लागतो. वाशिंद-शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक सराफाकडे अशा निखळलेल्या दागिन्यांची पुडकी पडून असतात. काम नाही असं कोणी म्हणू नये.

दुसरी हरकत: यूट्यूबवर सगळं आहे. आहे, आणि भाचीने ते पाहिलंही. अवजार कसं धरायचं ते दिसतं. दाब दिसत नाही. चूक झाली की शेजारी बसून "थांब, इथे हात हलला" असं सांगणारं कोणी नसतं.

तिसरी हरकत माझ्याच लोकांची, म्हणून ती जास्त बोचते: मुसलमानांच्या पोरांनी अजून किती दिवस हातकामच करायचं? डॉक्टर, इंजिनिअर, अधिकारी होऊ द्या ना. भावना समजते. सच्चर समितीचा अहवाल ३० नोव्हेंबर २००६ ला संसदेत आला. मुसलमान नियमित पगाराच्या नोकऱ्यांत कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यांत, घरबसल्या कामांत जास्त आहेत, हे त्याने आकड्यांनी दाखवलं. त्यातून आपण धडा काढला की हातकाम हीच आपली मागासलेपणाची खूण. मला धडा वेगळा दिसतो. मनियार, आतार, शिकलगार, पिंजारी, जडिया यांच्या हातात हुनर होतं, पण भांडवल, कर्ज, नाव आणि बाजार दुसऱ्याच्या हातात होते. गरिबी त्या व्यवहारात होती. गोदामात खोकी भरणं हेही हातकामच आहे की! फरक एवढाच की दहा वर्षं खोकी भरली तरी दहा वर्षांनी हाताला नवं काही येत नाही.

आपल्या घरातला हिशेब

आता थोडं स्वतःबद्दल, कारण दुसऱ्यांना बोल लावणं सोपं असतं.

आपण चांदीची अंगठी अभिमानाने घालतो. पुरुषाला सोनं वर्ज्य, चांदी चालते, आणि नबींच्या हाती चांदीचीच अंगठी होती हे मुलांना सांगतो. अकीक घेताना येमेनी की खंबाती हे चिकित्सेने विचारतो. पण तो खंबातला अकीक घासणाऱ्या मजुरांच्या फुफ्फुसात खड्याची धूळ जाते आणि त्यातल्या अनेकांना सिलिकोसिस होतो, हे विचारत नाही. बसवणाऱ्याची मजुरी नगावर असते हे कळलं की आपण त्या नगावरही घासाघीस करतो. मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी बहिणीच्या कुड्यांत चार खडे बसवून घेतले तेव्हा मी म्हणालो होतो, "चार बारीक खड्यांचे एवढे?" आज भाचीचा हात पाहिल्यावर त्या वाक्याची लाज वाटते. मजुराचं देणं वेळेवर आणि पुरतं द्यावं ही शिकवण आपण खुतब्यात ऐकतो आणि मशिदीबाहेरच्या दुकानात विसरतो.

आणि आपल्या जमाती, आपल्या संस्था? रमजान आला की शिलाई मशिनींचं वाटप. मंडप, हार, पाहुणे, मशीनवर दात्याचं नाव. मशीन वाईट नाही. पण किती घरांत ती मशीन कपड्याने झाकून ठेवलेली मी पाहिली आहे! शिलाई शिकायला वर्ष लागतं आणि त्या वर्षाची भाकरी कोणी दिली नाही. मशिनीवर नाव कोरता येतं, फोटो काढता येतो. एका मुलीच्या दोन वर्षांच्या रेल्वे पासवर आणि तिच्या घरच्या किराण्यावर नाव कोरता येत नाही, म्हणून तिथे जकातीचा पैसा जात नाही. गरजू शिकणाऱ्याला जकात देता येते याबद्दल कुणा आलिमांना शंका असेल तर त्यांनी जरूर सांगावं. मला तरी कोणी अजून तसं सांगितलेलं नाही.

मग करायचं काय

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत.

एक, जडिया हा वेगळा व्यवसाय म्हणून सरकारी याद्यांमध्ये नोंदवा. ज्याचं नाव यादीत नाही त्याच्यासाठी पैसाही नसतो.

दोन, चारहून कमी माणसांच्या कारखान्यात शिकणाऱ्यालाही विद्यावेतन मिळू द्या. उस्तादाला ते परवडणार नाही, म्हणून ते सरकारने किंवा व्यापाऱ्यांच्या संघटनांनी द्यावं. शिकवणाऱ्या उस्तादालाही त्याच्या वेळेचे पैसे द्या. मग त्याला हुनर लपवावं लागणार नाही आणि शागिर्दाला चोरावं लागणार नाही.

तीन, शिकताना फुटलेला खडा शिकणाऱ्याच्या नावावर लिहू नका. सरावाचे खडे स्वस्त असतात. महागडा पन्ना शिकाऊ हातात देणं हीच मुळात देणाऱ्याची चूक.

चार, प्रमाणपत्र दिवस मोजून देऊ नका, काम पाहून द्या. एक कोंदण, एक वीस खड्यांची पट्टी, एक दुरुस्ती. तीन कामं तपासायला दोन जुने जडिये बसवा. सहा महिन्यांत जमलं तर सहा महिन्यांत द्या, दोन वर्षं लागली तर दोन वर्षांनी.

पाच, आणि हे आपल्या हातात आहे: शहापूर तालुक्यात दहा बाकांचं एक केंद्र सुरू करा. दहा लाखेचे ठोकळे, दहा दिवे, दहा भिंगं, एक बत्ती, आणि मुंबईत राहून थकलेला एक उस्ताद, ज्याला मोकळ्या हवेत यायला आवडेल. त्यात कुठल्याही धर्माची, कुठल्याही पाड्यावरची पोरं-पोरी बसोत. एका वर्षी दहा शिलाई मशिनी कमी वाटल्या तरी त्याची सुरुवात होईल.

आमचा शहापूर तालुका तानसा आणि भातसा धरणांचं पाणी मुंबईला देतो आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर फिरतात. पाण्याचं जे झालं तेच हातांचं होतंय. इथली पोरं रोज पहाटे लोकलने मुंबईला जातात किंवा गोदामात उभी राहतात, आणि अब्बांच्या अंगठीतला एक खडा बसवायला इथे कोणी सापडत नाही.

ती अंगठी अब्बांच्या हातात आहे. पाच वेळा वुजू होतो, अजून खडा हललेला नाही. परवा भाची गोदामातून थकून आली, अब्बांचा हात हातात घेतला आणि अंगठ्याच्या नखाने कड तपासली, उस्ताद तपासायचे तशी. मग म्हणाली, "मामू, आता मला हे परत जमेल का?"

मी तिला उत्तर दिलं नाही. सात दिवसांची प्रमाणपत्रं वाटणाऱ्यांनी, नगाचे पैसे कापणाऱ्यांनी आणि मशिनींसोबत फोटो काढणाऱ्यांनी ते द्यावं. त्या यादीत घासाघीस करणारा मीही आहे, म्हणून माझ्यापासून सुरुवात करतो: तिच्या पुढच्या वर्षाच्या पासाची जबाबदारी मी घेतली आहे. घराच्या किराण्याचं काय, हा प्रश्न अजून उभाच आहे.